सवलत दिली, आता ती कळू द्या

यवतमाळ जिल्ह्यात म्हातारपणीचा प्रवास म्हणजे बहुधा एसटी. मूर्तिजापूरला जाणारी नॅरोगेज ‘शकुंतला’ थांबली. वर्धा-नांदेड मार्गावर फेब्रुवारी 2024 मध्ये गाडी धावू लागली, ती वर्धा ते कळंब एवढीच. उमरखेड, घाटंजी, झरी जामणीच्या माणसाला दवाखाना, बँक, तहसील किंवा लेकीचे गाव गाठायचे तर लालपरीच. तिचे भाडे घरखर्चात धरावे लागते, म्हणून ते घर सोडण्याआधी कळायला हवे.

सवलती देताना महाराष्ट्राने हात आखडता घेतलेला नाही. 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धे तिकीट आहे. ऑगस्ट 2022 पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत झाला, मार्च 2023 पासून सर्व महिलांना निम्मे भाडे. दिव्यांगांना साध्या गाडीत 75 टक्के सवलत आहे, आणि अपंगत्व 65 टक्क्यांहून जास्त असेल तर साथीदारालाही निम्मी.

पण सवलतीची टक्केवारी ठाऊक असली म्हणजे भाडे कळले असे होत नाही. एसटीचे भाडे सहा-सहा किलोमीटरच्या टप्प्यांवर ठरते. मार्ग किंवा गाडीचा प्रकार बदलला की रक्कम बदलते. जानेवारी 2025 मध्ये भाडे 14.95 टक्क्यांनी वाढले, तेव्हा वर्षानुवर्षे तोंडपाठ असलेले आकडे एका रात्रीत निरुपयोगी झाले. त्यातच आपला जिल्हा सीमेवरचा. महिलांची आणि पंचाहत्तरीनंतरची सवलत राज्याच्या हद्दीपर्यंतच चालते. पांढरकवड्याहून आदिलाबादला निघालेल्या आजींना पाटणबोरीपुढे पैसे का मोजावे लागतात, हे त्यांना गाडीत बसल्यावर कळले तर कंडक्टरशी वाद होतो, आणि चूक त्या दोघांपैकी कोणाचीच नसते.

ज्याला नीट दिसत नाही त्याला तिकिटावरची बारीक छपाई वाचता येत नाही. ज्याला ऐकू येत नाही त्याला इंजिनाच्या घरघरीत सांगितलेली रक्कम कळत नाही. अशी माणसे नोट पुढे करतात आणि परत येईल ते मुकाट्याने खिशात घालतात. कंडक्टर प्रामाणिक असतोच. तरी हिशेब पडताळण्याचा मान प्रवाशाकडे उरत नाही. मोबाइलवर सगळी माहिती मिळते, हे उत्तर ज्याच्याकडे साधा फोन आहे त्याच्या कामाचे नाही.

कायदा याबाबत स्पष्ट आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये ‘संवाद’ या संज्ञेत ब्रेल, मोठी अक्षरे, ध्वनी, सांकेतिक भाषा, इतकेच काय, सोपी भाषा आणि वाचून दाखवणारा माणूसही येतो. सुगम्यतेचे नियम ऐच्छिक ठेवता येणार नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुडी प्रकरणात बजावले. अमेरिकेत वाहतूक सेवेची माहिती दिव्यांगांना वापरता येईल अशा स्वरूपात देणे नियमानेच बंधनकारक आहे.

यासाठी मोठा निधी लागत नाही. प्रत्येक बसस्थानकावर, उभ्या माणसाला वाचता येईल अशा उंचीवर, ठळक अक्षरांत मुख्य गावांचे पूर्ण आणि सवलतीचे भाडे लिहावे. चौकशी खिडकीवर ब्रेल प्रत ठेवावी. गाडी लागल्याची घोषणा होते, तिच्यातच भाडेही सांगावे. कंडक्टरने तिकीट देताना रक्कम मोठ्याने उच्चारावी, आणि ज्याला ऐकू येत नाही त्याला यंत्राच्या पडद्यावर दाखवावी. भाडे बदलले की नवा तक्ता ग्रामपंचायतीत लागावा. मारेगाव-झरीकडे कोलामी आणि गोंडी, पुसद-दिग्रसकडे बंजारा बोलीत ध्वनिमुद्रित माहिती फोनवर ऐकता यावी. गर्दीच्या गाडीत एकट्या कंडक्टरवर सगळा भार टाकू नये, म्हणूनच फलक आणि घोषणा आधी हव्यात.

सवलत हा शासनाचा उपकार मानला की माहिती मागणारा माणूस याचक ठरतो. ती हक्क मानली तर ती सांगणे हे महामंडळाचे कर्तव्य ठरते. यवतमाळच्या ज्येष्ठ नागरिक संघांनी आणि दिव्यांग संघटनांनी आपापल्या आगारात जाऊन पहिली मागणी भाडेफलकाची करावी, आणि आपण डोळस, धडधाकट प्रवाशांनी त्या अर्जावर सही करावी.