उसना कारभारी

ज्या मुलाला गणितातील अवघड उदाहरण तोंडी सुटते, परंतु त्याच गणिताची वही घरी राहिल्यामुळे ज्याला वर्गाबाहेर उभे राहावे लागते. ज्याने रात्री जागून गृहपाठ पुरा केलेला असतो, परंतु तो दप्तराच्या तळाशी तसाच पडून राहिल्यामुळे ज्याच्या नावापुढे 'गृहपाठ नाही' अशी नोंद होते. 'हातपाय धू, डबा घासायला टाक, गणवेश बदल आणि अभ्यासाला बस' या हुकमातील पहिलेच कलम ज्याच्याकडून अमलात येते आणि उरलेली तीन मोरीतच वाहून जातात, अशा मुलाविषयी आपल्या समाजाने आपला निकाल केव्हाच देऊन ठेवला आहे. 'हुशार आहे, पण आळशी आहे' हा शेरा पिढ्यान्‌पिढ्या इतक्या प्रगतिपुस्तकांवर उमटत आला आहे की, त्याची शहानिशा करण्याची गरज कोणासही भासू नये. ती करण्याचे आता योजिले आहे.

हा निकाल केवळ आपल्याकडचाच आहे, असेही नाही. १९०२ साली जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये दिलेल्या व्याख्यानांत ४३ मुलांच्या हकिकती मांडल्या. त्यांतील कित्येकांची बुद्धी शाबूत असून वर्तन मात्र स्वतःच्या ताब्यात नव्हते, हे त्याने अचूक टिपले. पण त्याला नाव देण्याची वेळ आली तेव्हा 'नैतिक नियंत्रणातील दोष' असे नाव दिले. निदान वैद्यकाचे आणि भाषा धर्मोपदेशकाची, असा हा प्रकार होता. वैद्यकाने ती भाषा पुढे टाकून दिली. शाळांनी आणि आप्तेष्टांनी ती जपून ठेवली.

मानसशास्त्र आज ज्यांना कार्यकारी क्षमता म्हणते, त्या बुद्धीहून भिन्न आहेत. एखाद्या संस्थानाचा खजिना भरलेला असावा, प्रजा कष्टाळू असावी, पण कोणते काम आधी, कोणते मागाहून, कोणाला कधी स्मरण द्यायचे आणि हाती घेतलेले तडीस कसे न्यायचे हे पाहणारा कारभारीच गादीशेजारी नसावा, तशी या मुलांच्या मनाची अवस्था असते. हातातील काम होईपर्यंत पुढील पायऱ्या ध्यानात धरून ठेवणे, नकोशा कामाला आरंभ करणे, समोरचे आकर्षण क्षणभर दूर सारणे आणि काळाचा अदमास घेणे, ही त्या कारभाऱ्याची मुख्य कामे होत. अवधान-न्यूनतेचा विकार, स्वमग्नता, अध्ययन-अक्षमता अशा निरनिराळ्या वाटांनी ही उणीव येऊ शकते. मेंदूच्या पुढल्या भागाशी तिचा निकट संबंध आहे, आणि तो भाग सर्वांमध्येच सावकाश, विशीच्या मध्यापर्यंत, परिपक्व होत असतो. अमेरिकेत फिलिप शॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीचा जो टप्पा इतर मुले सरासरी साडेसात वर्षांच्या सुमारास गाठतात, तो अवधान-न्यूनतेची मुले साडेदहाच्या सुमारास गाठतात. वाढीचा क्रम तोच. वेळ मात्र निराळी. याच्याशी जुळणारा एक ठोकताळा रसेल बार्कली या मानसशास्त्रज्ञाने पालकांसाठी सांगितला आहे की, अशा मुलाचे आत्मनियमन वयाच्या मानाने सुमारे ३० टक्के मागे धरून चालावे. बारा वर्षांच्या मुलाकडून आठ-नऊ वर्षांच्या मुलाइतक्याच व्यवस्थितपणाची अपेक्षा ठेवावी, असा त्याचा अर्थ. पाचवी-सहावीपर्यंत कसेबसे निभावलेले मूल, विषयागणिक शिक्षक, वह्या आणि तारखा वाढू लागताच एकाएकी का कोसळते, याचा उलगडा येथे होतो.

आता उपदेशाचा विचार करा. उपदेश माहिती पुरवतो आणि शिक्षा इच्छेला डिवचते. परंतु वही न्यावी हे या मुलास ठाऊक असते आणि ती नेण्याची इच्छाही असते. तूट पडते ती माहिती आणि कृती यांच्या मधल्या अंमलबजावणीत, तेथे व्याख्यानाचा उपयोग शून्य. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळासही मनाई केली. पण रोजच्या शेऱ्यांनी होणारी झीज कोणत्या कलमाखाली दाखल करावी?

मदत पोचवायची तर ती जेथे काम अडते तेथेच पोचली पाहिजे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडच्या परिसरात, गुरे राखणारी आदिवासी मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांना दूषणे न देता, शाळाच कुरणात नेली. त्या कुरणशाळेमागील न्याय येथेही लागू करता येईल. सूचना एका वेळी एकच द्यावी. कामांची यादी भिंतीवर मुलाच्या नजरेसमोर असावी. उरलेला वेळ डोळ्यांना दिसेल असे घड्याळ मेजावर असावे. दप्तर रात्रीच, आणि आईवडिलांपैकी कोणीतरी शेजारी बसून भरवावे. पाठ्यपुस्तकांचा दुसरा संच वर्गातच राहावा. हे उपाय इतके क्षुद्र दिसतात की विद्वानांना त्यांचा उच्चार करण्याचीही लाज वाटावी, पण घरातील संध्याकाळ सुसह्य होते ती यांच्याच बळावर.

यावर ठरलेला आक्षेप असा की, अशाने मूल परावलंबी होईल. हात किती वर्षे धरायचा? ज्या पुरुषांनी जन्मात स्वतःचा चष्मा स्वतः शोधला नाही, ज्यांच्या औषधाच्या वेळा, आप्तांच्या लग्नतिथी आणि विजेचे बिल भरण्याची मुदत सदैव पत्नीच्या डोक्यात राहिली, आणि कचेरीतील स्मरण ज्यांच्या कारकुनाने सांभाळले, ते स्वावलंबनावर बोलू लागले म्हणजे मौज वाटते. कारभार उसना घेणे हे प्रतिष्ठितांना शोभते आणि सातवीतल्या पोराला शोभत नाही, असे का? शिवाय रशियन मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की याने दाखवल्याप्रमाणे, वडीलधाऱ्यांचे मार्गदर्शक बोलणे मूल प्रथम स्वतःशी मोठ्याने बोलते आणि मग तेच आत वळून त्याचा विचार बनते. या मुलांच्या बाबतीत ते वळण लांबते. बाहेरचा आवाज वयाची वर्षे मोजून अकाली बंद केला, तर आत वळायला काही उरत नाही. आधार काढावा, पण एकेक करून, आणि मुलाकडे पाहून. शेजाऱ्यांच्या मुलाकडे पाहून नव्हे.

सरकारदरबारी काही सवलती आहेत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. अवधान-न्यूनतेची मात्र त्या यादीत स्वतंत्र नोंद नाही. सवलत मिळवायची तर अर्ज, नकला, तपासणीच्या तारखा आणि पुन्हा हेलपाटे, हा सारा व्याप पालकाने सांभाळायचा. जुळ्या भावंडांवरील अभ्यासांवरून अवधान-न्यूनतेत आनुवंशिकतेचा वाटा फार मोठा असल्याचे दिसते, आणि त्यामुळे अनेक घरांत ज्याने मुलाचा कारभारी व्हायचे त्या आईचा किंवा बापाचाच कारभार मुळात विस्कळीत असतो. मुलाविषयीची प्रश्नावली भरताना आपलीच शाळा आठवून थबकणारे पालक विरळ नसतात. त्यांनी स्वतःचीही तपासणी करून घ्यावी. प्रौढपणीही निदान होते आणि उपचारही होतात. आणि शाळेने त्यांना 'घरी लक्ष देत नाही का?' असे विचारण्यापूर्वी पुढील महिन्याच्या तारखा एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून हाती द्याव्यात, आणि तोच कागद दोन दिवस आधी पुन्हा पाठवावा.