दुरुस्ती कोणी करायची?

हेलियम ओढलेल्या माणसाचा चिरका, कार्टूनसारखा आवाज ऐकून सगळे हसतात. आपल्याला वाटतं, पट्टी चढली. खरं तर स्वरतंतू जवळपास पूर्वीच्याच वेगानं थरथरत असतात. बदलतो तो वायू. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, हेलियममध्ये जवळजवळ तिप्पट. त्यामुळे घशात आणि तोंडात घुमणारे सूर वर सरकतात, आणि 'आ' कुठला, 'ई' कुठला हे आपण त्यांच्यावरूनच ओळखतो. गळा तोच, माणूस तोच. (घरी करून बघू नका. शुद्ध हेलियममध्ये ऑक्सिजन नसतो, जीव जाऊ शकतो.)

खोल समुद्रात काम करणाऱ्या पाणबुड्यांसाठी मात्र ही गंमत नाही. खोलवर, दाबाखाली नायट्रोजनची गुंगी चढते, म्हणून त्यांना हेलियम-ऑक्सिजनचं मिश्रण देतात. कित्येकदा ते आठवडेच्या आठवडे दाबाच्या बंद कक्षात राहतात आणि याच आवाजात बोलतात. २७ जुलै २००५ला मुंबई हायला आग लागली, तेव्हा 'समुद्र सुरक्षा' जहाजावरच्या अशा कक्षात सहा पाणबुडे होते. त्यांना झटकन बाहेर काढणं शक्य नव्हतं, कारण दाब हळूहळूच उतरवावा लागतो. सुमारे ३६ तासांनी त्यांची सुटका झाली.

अशा माणसाचं बोलणं न कळून चालत नाही. म्हणून वर, नियंत्रण कक्षात एक यंत्र असतं. चढलेले सूर खाली आणून ते बोलणं कळेल असं करतं. पाणबुड्याही सावकाश, मोजकं बोलतो. पण यंत्र बसवलेलं असतं ऐकणाऱ्याच्या बाजूला. 'आधी नीट बोलायला शीक' असं त्याला कोणी सुनावत नाही.

मी लातूरचा. इंजिनिअरिंग नांदेडला, नोकरी पुण्यात. मीटिंगमध्ये तोंडून 'येऊलालो' निघालं की लोक हसतात आणि पुढचा मुद्दा त्या हसण्यात वाहून जातो. परदेशी क्लायंटचा उच्चार कळला नाही, तर तेच लोक रेकॉर्डिंग तीनदा ऐकतात, सबटायटल लावतात. म्हणजे कानाला कष्ट द्यायची सवय आपल्याला आहे. ते कोणासाठी घ्यायचे, हे मात्र आपण समोरच्याची गरज किती आणि वजन किती, ते बघून ठरवतो.

कोणी म्हणेल, चार जिल्ह्यांची माणसं एकत्र आली की एक सामाईक भाषा लागणारच. मान्य. मीही ती शिकलो आणि तिचा मला उपयोग झाला. पण सामाईक म्हटल्यावर मेहनतही दोन्हीकडून हवी. सगळी मेहनत एकाच बाजूची असेल, तर तिला सामाईक कसं म्हणायचं?

आणि हा हिशेब फक्त पुण्याशी नाही. किनवटच्या तांड्यावर गोरमाटी बोलत वाढलेलं पोरगं शिकवणीला लातुरात येतं, तेव्हा आमचीच बोली तिथं 'शुद्ध' होऊन बसते. ते पोरगं भरल्या वर्गात शंका विचारायला उभं राहिलं आणि पहिल्यांदा कळलं नाही, तर न हसता 'परत सांग की' म्हणायचं. एवढं यंत्र आपल्याकडे असायला हरकत नाही.