व्हालीचे माहेर

वेरावळहून सोमनाथ मागे टाकून किनाऱ्याने पुढे गेले, की सूत्रापाडा लागते. होड्या, वाळत घातलेली जाळी आणि मासळीचा वास, एवढेच या सौराष्ट्रातील गावाचे प्रथमदर्शन. परंतु येथल्या समुद्रात जगातील सर्वांत मोठा मासा येतो. व्हेल शार्क हा मुशीच्या कुळातला, तरी सूक्ष्म जीवांवर निर्वाह करणारा निरुपद्रवी प्राणी. पूर्वी भाल्याला रिकामी पिंपे बांधून त्याची शिकार होई, म्हणून कोळी त्याला ‘बॅरल’ म्हणत. यकृताचे तेल होड्यांना लागे, मांस परदेशी जाई. २००१ साली कायद्याने त्यास अभय दिले. पुढे २००४ मध्ये मोरारीबापूंनी, ही तर बाळंतपणाला माहेरी आलेली लेक, असे सांगितले. ‘बॅरल’ची ‘व्हाली’, म्हणजे लाडकी, झाली. तेव्हापासून जाळ्यात सापडलेल्या शेकडो व्हाली कोळ्यांनी जाळी कापून सोडल्या आहेत.

हे ऐकून पाहुणा गहिवरतो. पण त्याचे यात काय खर्च होते? दया सर्वांची आणि जाळे एकट्याचे, ही वाटणी मला खटकते.

जाळ्याची भरपाई सरकार देते, मग त्यागाचे पुण्य ते काय उरले, असे कोणी विचारील. आरंभी तर वनाधिकारी समुद्रात जाऊन खात्री करीत, मगच जाळे कापले जाई; तोवर मासा गुंतलेलाच. (कागद पुरा झाल्यावाचून हात न हलवण्याची रीत आपणा नोकरमंडळींस अपरिचित नाही.) पुढे कोळ्यांच्याच हाती कॅमेरे दिले: मासा सोडा, छायाचित्र दाखवा. म्हणजे त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवणे आले. शिवाय भरपाई जाळ्याची. कापल्या जाळ्यातून निसटलेल्या मासळीचे काय? तेवढा वाटा निखळ त्यांचाच.

कांट म्हणाला असता, कर्तव्याला मायेची पुस्ती कशाला? मला हे पटत नाही. कायद्याने भाला खाली ठेवता येतो. स्वतःच्या जाळ्यावर सुरी चालवायला लेकीचे नाते लागते. मात्र नाते जोडले की परकेही ठरतात. त्याच जाळ्यात तडफडणाऱ्या पापलेटाला कोणी माहेरवाशीण म्हटलेले नाही. आणि व्हालीची कथा ऐकून परतलेला पाहुणा त्याच रात्री ते ताटात वाढून घेतो, ताजे आहे ना, एवढेच विचारतो.