गाडीखाली वाकायला शिका

घाटात ब्रेक गेले की आपण म्हणतो, वेळच वाईट होती. हे बोलणं आपण सोडलं पाहिजे. ब्रेकची लोखंडी नळी एका रात्रीत कुजत नाही. ती वर्षानुवर्षं कुजत असते आणि तेवढी वर्षं मालकाने तिच्याकडे पाहिलेलं नसतं. करूळच्या किंवा फोंड्याच्या उतारावर ती फुटते, तेव्हा समोरून येणाऱ्या दुचाकीवाल्याचा काडीचाही दोष नसतो. जीव मात्र त्याचा जातो. म्हणून जुनी गाडी राखण्याचा प्रश्न मी नीतीचा प्रश्न मानतो.

सिंधुदुर्गात महिंद्राच्या जुन्या जीपा, मारुतीच्या जिप्सी, फोर-बाय-फोर बोलेरो आजही राबताना दिसतात. आंब्याच्या बागेत, चिऱ्याच्या खाणीवर, पावसात रस्ता वाहून गेलेल्या वाडीवर दुसरी गाडी पोचतच नाही. महिंद्राने विलीस जीपची जुळणी मुंबईत १९४७ साली सुरू केली, जिप्सी १९८५च्या अखेरीस आली. या गाड्यांची रचना साधी आहे, गावातला मेस्त्री त्या उघडून पुन्हा उभ्या करू शकतो. जुनी झाली म्हणून सरसकट भंगारात घाला, हे मला पटत नाही. पण ठेवायची तर नीट ठेवली पाहिजे, आणि इथेच आपण कमी पडतो. नवे सीट कव्हर, टपावरचे दिवे, काचेवरची अक्षरं यांवर हजारो रुपये जातात. डिफरन्शियलचं तेल शेवटचं कधी बदललं, हे विचारलं तर मालकाला आठवत नाही.

आपल्या मालवणच्या मच्छीमाराकडे बघा. पावसाळी बंदीत तो होडी वर ओढतो, झाकतो, तळ खरवडतो, भेगा बुजवतो. इंजिन खाऱ्या पाण्यातून आलं की गोड्या पाण्याने धुतो. समुद्राच्या पाण्यात शंभरात साडेतीन भाग मीठ असतं आणि ते लोखंडाला सोडत नाही, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या घरासमोरच्या रस्त्यावर उभी असलेली जीप तोच खारा वारा खाते, पण तिच्या वाट्याला ही निगा येत नाही.

चासी बाहेरून कमी आणि आतून जास्त कुजते. पाणी निचरावं म्हणून तिला भोकं ठेवलेली असतात. आपली तांबडी माती ती बुजवते आणि आत ओल राहते. तारेने ती भोकं मोकळी करा, खालून गोड्या पाण्याने धुवा, गाडी पूर्ण वाळू द्या. मग लहान हातोडीने चासी ठोकत जा. खणखणीत आवाज आला तर धातू शाबूत, बद्द आवाज आला तर तिथे थांबा. गंज वायरब्रशने खरवडून, रेड ऑक्साइड लावून मगच रंग द्यायचा. गंजावर थेट काळं अंडरकोटिंग मारलं की ओल आत कोंडते आणि पत्रा आणखी वेगाने जातो. विकण्याआधी असा काळा थर मारून सडलेली चासी लपवणं ही सरळ फसवणूक आहे, आणि ती करणारा शेजारधर्माच्या गोष्टी सांगत असला तरी तिला फसवणूकच म्हटलं पाहिजे.

दुसरा शत्रू तेलात शिरलेलं पाणी. गाडी चालून डिफरन्शियलचं हाऊसिंग तापलेलं असतं. तशीच ती थंडगार व्हाळात घातली की आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. हे होऊ नये म्हणून हाऊसिंगला ब्रीदर असतो. चिखलाने तो बुजतो, कधी कुंभारमाशी त्यात घर करते. मग आत दाब वाढून सील गळू लागतं आणि मालक सीलमागून सील बदलत बसतो. आधी ब्रीदर साफ करा. पुढचा डिफरन्शियल, मागचा डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस, तिन्हींचं तेल पावसाळा सरताच पाहा. दुधाळ दिसलं तर पाणी शिरलं आहे. त्याच दिवशी बदला, नाहीतर बेअरिंग जाईल. प्रोपेलर शाफ्टच्या क्रॉसना ग्रीस भरा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी नवं भरायचं. ओल शोषलेलं तेल लांबच्या उतारावर तापून उकळतं आणि पेडल पोकळ लागतं.

फोर-व्हील टाकण्याचंही शिक्षण हवं. जीप-जिप्सीच्या ट्रान्सफर केसमध्ये मधला डिफरन्शियल नसतो. वळणावर पुढची आणि मागची चाकं वेगळं अंतर कापतात. चिखलात ती थोडी घसरून हा फरक सोसतात, कोरड्या डांबरावर तो सगळा ताण शाफ्टवर आणि गिअरवर चढतो. म्हणून डांबरावर येताच फोर-व्हील काढा. दांडी अडकलीच तर गाडी थोडी मागे घ्या, ताण सुटतो. जुनी होंडा सीआर-व्ही किंवा ऑल-व्हील-ड्राइव्ह एक्सयूव्ही ५०० असेल तर चारही टायर एकाच मापाचे, साधारण सारखेच झिजलेले ठेवा. एकच नवा टायर घालून वाचवलेले पैसे मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचपायी कितीतरी पटीने जातात.

आणि तारकर्ली-देवबागच्या वाळूत गाडी घालण्याची हौस सोडा. ओल्या वाळूतलं मीठ ज्या फटीत बसतं तिथे पाण्याचा पाइप पोचत नाही. शिवाय वायंगणीसारख्या आपल्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. त्यांच्या घरट्यांवरून चाक नेऊन व्हिडिओ काढण्यात कसला पुरुषार्थ?

पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची तपासणी होऊन पाच वर्षांसाठी पुन्हा नोंदणी होते. एजंटाला पैसे देऊन गाडी न दाखवता कागद मिळवणारा माणूस कायद्याला नव्हे, रस्त्यावरच्या पोराबाळांना फसवतो. तितकाच जुना दोष हाताच्या कामाला कमी लेखण्याचा. मेस्त्रीला अरे-तुरे करायचं, मजुरीत शंभर रुपये कापायचे, आणि स्वतःचा मुलगा आयटीआयत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करतो म्हणाला की घर सुतकात बसल्यासारखं वागायचं. मग जाणती माणसं मुंबईला किंवा गोव्याला जातात आणि गावात अर्धवट शिकलेला हात उरतो. मुलींना तर गॅरेजच्या दारातही आपण उभं करत नाही.

दसरा येतो तो पाऊस ओसरताना, म्हणजे गाडी उघडून पाहायला वर्षातला सर्वांत योग्य वेळ. आपण त्या दिवशी बोनेटला झेंडूचा हार घालतो, लिंबू ठेवतो आणि समाधान मानतो. यंदा हार घालण्याआधी गाडी मेस्त्रींकडे न्या. तिन्ही ठिकाणचे तेलाचे बोल्ट आपल्या डोळ्यांसमोर उघडायला सांगा, त्यांची मजुरी घासाघीस न करता द्या, आणि घरातल्या मुलामुलींना सोबत घेऊन जा.