पडद्यावरची शिकार

शिकार करणे आणि शिकार पाहणे यांमध्ये नैतिक दृष्ट्या किती अंतर आहे, हा प्रश्न आपल्या धर्मग्रामातील कुटुंबांना काहीसा अनाठायी वाटण्याचा संभव आहे. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी बंदूक नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हौसेच्या शिकारीला वेसण घातली आणि शिकारीची व्याख्याही अशी रुंद केली की, केवळ गोळी घालणेच नव्हे, तर जनावराला हुसकावणे, फासात अडकवणे, आमिष दाखवणे, एवढेच काय, यांपैकी कशाचाही नुसता प्रयत्न करणे ही शिकारच ठरली. असे असूनही शिकार आपल्या घरात आली आहे. प्रथम ती केबलच्या तारेवरून आली. आता ती मुलांच्या हातातील मोबाइलमधून येते. पानाफांद्यांच्या छापाचे कपडे घातलेला परदेशी शिकारी, पायाशी उमदा कुत्रा, एक बार, कोसळणारे जनावर. मग तेच कोसळणे संथ गतीने पुन्हा एकदा, आणि शेवटी मेलेल्या जनावराशेजारी गुडघे टेकून हसणारा माणूस. मध्ये साबणाची जाहिरात. ताट मांडीवर घेऊन आम्ही हे सारे पाहतो आणि पाहता पाहता जेवतोही.

हा विषय आमच्या मनात घोळू लागला तो मुरबाड तालुक्यातील धसईच्या परिसरात वावरताना. धसईचे नाव २०१६ च्या डिसेंबरात देशभर गाजले. रोख पैशांवाचून व्यवहार करणारे राज्यातील पहिले गाव म्हणून दूरचित्रवाणीचे कॅमेरे तेथे आले, वडापावच्या गाडीवरील कार्डाचे यंत्र त्यांनी टिपले, आणि ते निघून गेले. गावामागे सह्याद्रीची भिंत उभी आहे. गोरखगड आणि सिद्धगड याच रांगेतले. त्या भिंतीच्या पायथ्याच्या पाड्यांवर ठाकर, महादेव कोळी आणि कातकरी राहतात. त्यांच्या रानाकडे मात्र त्या कॅमेऱ्यांनी मान वळवली नाही. एका परीने बरेच झाले, असे आता वाटते.

या पाड्यांवरील शिकार म्हणजे काय, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे. नाही तर आमचा रोख भलत्याच माणसांवर जाईल. खैराच्या लाकडापासून कात काढणारा तो कातकरी. तो धंदा गेला. त्याच्यापाशी जमीन नव्हतीच. भातकापणीनंतर तो बांधातील उंदरांची बिळे खणतो, धुरी देतो, आणि बिळात साठवलेले भात व उंदीर दोन्ही घरी नेतो. त्याची पोरे बेचकीने पाखरू पाडतात. यात हौस नाही, प्रेक्षक नाहीत. चुलीवर काही तरी शिजले पाहिजे एवढेच आहे. भात राखणाऱ्या कुळवाड्याची अडचण निराळी. लोंब्या भरल्या की डुकरांचा कळप एका रात्रीत वर्षाचे धान्य तुडवून जातो. माळ्यावर बसून डबे बडवणाऱ्या माणसाला जीवदयेचे धडे देण्याचा अधिकार, रविवारची मिस्सा आटोपून डुकराचे मांस घेऊन घरी जाणाऱ्या आम्हां मंडळींना तर मुळीच नाही.

तेव्हा प्रश्न केवळ मारण्याचा नाही. कॅथॉलिक धर्मशिक्षणग्रंथही अन्नासाठी आणि वस्त्रासाठी प्राण्यांचा उपयोग करण्यास मुभा देतो, आणि लगेच पुढे सांगतो की, प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे हे माणसाच्याच प्रतिष्ठेला बाधक आहे. ‘विनाकारण’ या शब्दात सगळा वाद साठलेला आहे. भूक हे कारण आहे. पिकाची राखण हेही, काही मर्यादेपर्यंत, कारण आहे. पाहणाऱ्याचे मन रमावे, हे कारण होऊ शकते काय?

अलीकडे या रानात एक नवी तऱ्हा दिसू लागली आहे. हातात मोबाइल असलेली तरुण पोरे गावठी कुत्र्यांची टोळी घेऊन निघतात, सशावर कुत्री छू करतात आणि एक जण मागून चित्रण करीत धावतो. ससा हाती लागलाच तर त्याचे मांस चार जणांनाही पुरत नाही. ते चित्रण मात्र गावोगाव फिरते. ही पोरे वाईट नव्हेत. जे पडद्यावर पाहिले त्याची ती नक्कल करतात. आणि पडद्यावर त्यांनी जे पाहिले ती शिकार नव्हती, शिकारीची साल होती.

आमची तक्रार नेमकी येथे आहे. ज्याला बंदूक आणि कुत्रा यांची खरी जाण आहे, त्याचे निम्मे कौशल्य न करण्याच्या गोष्टींत असते. भरलेल्या बंदुकीची नळी सोबत्याकडे कधी वळवायची नाही. जनावर डोळ्यांनी ओळखल्याशिवाय आणि त्याच्या पाठीमागे काय आहे हे पाहिल्याशिवाय चापावर बोट न्यायचे नाही. बांध किंवा ओढा ओलांडताना बंदूक रिकामी करायची. जमिनीलगत उडणाऱ्या पाखरावर बार काढायचा नाही, कारण त्या उंचीवर आपलाच कुत्रा धावत असतो. आणि कुत्र्याला शिकवायचा सर्वांत अवघड धडा पळण्याचा नाही. बार झाल्यावर, पाखरू समोर पडलेले दिसत असतानाही, हुकूम होईपर्यंत जागचे न हलण्याचा आहे. त्याला महिनेच्या महिने लागतात. घाईने बंदुकीजवळ नेलेले पिल्लू आवाजाला असे बुजते की, पुढे जन्मभर फटाक्यालाही थरथरते. यातले पडद्यावर काय दिसणार? न झाडलेला बार दाखवता येत नाही. बसून राहिलेला कुत्रा पाहण्यासाठी कोणी जाहिरात देत नाही. म्हणून महिन्यांची धीराची तपश्चर्या कापून टाकली जाते आणि उरतात ते धावणारा कुत्रा, धडाका आणि आरोळी. मग पाहणारा पोरगा समजतो की, शिकार म्हणजे एवढेच.

कॅमेऱ्याला घडण्याची घाई असते, आणि घडले नाही तर तो घडवून आणतो, याचाही पुरावा जुना आहे. डिस्नेच्या १९५८ सालच्या ‘व्हाइट विल्डरनेस’ या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून आत्मघात करताना दाखवले होते. त्या चित्रपटाला ऑस्करही मिळाले. त्या प्राण्यांना मुद्दाम आणून कड्यावरून ढकलले होते, हे १९८२ साली कॅनडाच्या सीबीसी वाहिनीने उघड केले.

धीर सुटला म्हणजे काय होते, हे सांगायला फार दूर जावे लागत नाही. २०२५ च्या जानेवारीअखेरीस पालघर तालुक्यात, मनोरजवळच्या बोरशेतीच्या जंगलात, गावकऱ्यांचा एक गट रानडुकराच्या शिकारीला गेला होता. अंधारात हालचाल दिसली, डुक्कर समजून बार काढला गेला आणि सोबतचाच एक वयस्क माणूस मेला. शिकार मुळातच बेकायदा. म्हणून सोबत्यांनी प्रेत झुडपात लपवले आणि सारे गप्प राहिले. फेब्रुवारीत पोलिसांना ते कुजलेल्या अवस्थेत सापडले. एका उतावळ्या बोटामागून किती पापे ओळीने आली पाहा: एक जीव गेला, खोटे बोलावे लागले, आणि मेलेल्याला त्याचे अंत्यविधीही वेळेवर लाभले नाहीत. ही अडाणी गरिबांचीच चूक, असेही कोणी समजू नये. अमेरिकेचे तेव्हाचे उपाध्यक्ष डिक चेनी यांनी ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्सासमध्ये लाव्यांच्या शिकारीत, उडत्या पक्ष्यामागे बंदूक फिरवताना, आपल्या ७८ वर्षांच्या सोबत्याच्या तोंडावर आणि छातीवर छर्रे झाडले, तो वाचला. त्याच देशात, कॅन्सास राज्यात, २०२३ च्या जानेवारीत गाडीच्या मागच्या आसनावर ठेवलेल्या भरलेल्या बंदुकीवर कुत्र्याचा पाय पडला आणि पुढे बसलेला तरुण जागीच गेला. बातमीचा मथळा झाला की, कुत्र्याने माणसाला मारले. कुत्र्याने काही केले नव्हते. पाप करण्याची शक्तीच त्याला दिलेली नाही. तोबीताच्या पुस्तकात तोबिया देवदूताबरोबर प्रवासाला निघतो तेव्हा त्याचा कुत्राही मागून चालू लागतो. कोठे जायचे आणि का, हे त्याने विचारले नाही. कुत्रा असाच सोबत येतो. म्हणून त्याला कोठे न्यायचे, याचा जाब सर्वस्वी नेणाऱ्याकडे राहतो.

आपल्या राज्याने हे सारे एकदा मोठ्या पडद्यावर पाहिले आहे. २०१८ साली यवतमाळ जिल्ह्यात टी-१, म्हणजे लोकांच्या तोंडची ‘अवनी’, या वाघिणीवर तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका होता. तेरा घरांत माणूस गेलेला. तेथील भीती खरी होती, आणि मुंबईत बसून तिची टवाळी करणे अन्यायाचे होते. तिला शक्य तर बेशुद्ध करून पकडावे, न जमल्यास मारावे, असा हुकूम होता आणि त्यात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबरात नकार दिला. पण त्यानंतर जे झाले ते मोहिमेपेक्षा जत्रेसारखे अधिक होते. ड्रोन आले, हत्ती आले, अत्तराचे आमिष आले, इटालियन केन कोर्सो जातीचे दोन कुत्रे आले. एक हत्ती सुटला आणि त्याने एका स्त्रीचा बळी घेतला. वाहिन्यांवर रोज सायंकाळी हप्त्याहप्त्याने ही कथा चालू होती. २ नोव्हेंबरच्या रात्री, आपण मृतांचे स्मरण करतो त्या दिवशी, वाघीण गोळीने मेली. आणि ठरलेली कार्यपद्धती पाळली गेली नाही, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या चौकशीत नंतर पुढे आले. इतक्या डोळ्यांसमोर, इतक्या गलबल्यात, थांबण्याचे धैर्य कोणात उरते? प्रेक्षक वाट पाहत असतात.

‘गलबला’ हा शब्द आम्ही सहज वापरलेला नाही. ख्रिस्तसभेच्या जुन्या कायद्यात तो आहे. १२१५ सालच्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने सर्व धर्मगुरूंना शिकारीची आणि त्यासाठी कुत्री किंवा ससाणे पाळण्याची मनाई केली. पुढे १९१७ च्या धर्मविधिसंहितेत हीच गोष्ट दोन पायऱ्यांनी सांगितली: धर्मगुरूने शिकारीच्या नादी लागू नये, आणि गलबल्याची शिकार तर कधीच करू नये. कुत्र्यांची टोळी, शिंगे, आरोळ्या आणि पाहायला जमलेला गोतावळा यांसह होणारी ती गलबल्याची. (त्याच ख्रिस्तसभेत आर्देनच्या मठवासीयांनी शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्यूबर्ट यांच्या नावाची शिकारी कुत्र्यांची जात जोपासली, हेही खरे. इतिहास सरळ रेषेत चालत नाही.) १९८३ च्या नव्या संहितेत हे कलम उरले नाही, कोणाला त्याची गरज वाटली नसावी. आम्हांला मात्र वाटते की, जुन्या कायदेपंडितांनी एक मर्म पकडले होते. जनावर दोन्हींकडे मरते. पण गलबल्यात माणसाचे मन ज्या रीतीने बदलते, तशी गोष्ट मुकाट्याने केलेल्या कामात घडत नाही.

संत ऑगस्टिनने हे बदलणे अगदी जवळून पाहिले होते. त्याचा मित्र अलिपियुस रोममध्ये मित्रांच्या ओढाताणीने मल्लांच्या प्राणघातक झुंजी पाहायला गेला, आणि डोळे गच्च मिटून बसला. प्रेक्षकांची आरोळी उठली तेव्हा त्याने डोळे उघडले. मग ते त्याला मिटता आले नाहीत, आणि पुढे तो इतरांना घेऊन तेथे जाऊ लागला. डोळे उघडले ते आवाजाने. ‘कन्फेशन्स’च्या दहाव्या भागात तर ऑगस्टिन आपल्या विषयालाच हात घालतो. कुत्रा सशाचा पाठलाग करतो तो खेळ पाहायला मी आता आखाड्यात जात नाही, असे तो सांगतो. पण रानातून जाताना तोच पाठलाग अवचित समोर आला, तर घोडा वळत नाही, मन मात्र वळते. घरी बसल्या बसल्या माशी पकडणारी पालसुद्धा त्याला खिळवून ठेवते. या दोषाला तो योहानाच्या पत्रातले नाव देतो: डोळ्यांची वासना. तो बिशप असताना हे लिहीत होता. त्याने पालीला दोष दिला नाही, कुत्र्यालाही नाही.

यावर कोणी म्हणेल की, पाहण्याने ससा मरत नाही. परदेशी कार्यक्रमातला ससा आपण पाहण्यापूर्वीच मेलेला असतो, हे कबूल. पण पुढचा ससा कोणासाठी मरतो? पाहणारे नसते तर चित्रण करणारा पोरगा कुत्र्यांमागे धावला असता का? कातकऱ्याचा उंदीर प्रेक्षकांवाचूनही मेलाच असता. हा ससा मेला नसता. आमच्या मते हा फरक फार मोठा आहे, आणि तो घरात बसलेल्या माणसाला शिकारीच्या वाट्यात ओढून आणतो.

धसईच्या खाचरांत यंदाही लोंब्या भरतील आणि डुकरे उतरतील. स्फोटक भरलेले गावठी गोळे बांधावर पेरण्याचा मार्ग काही जण धरतात. त्याने डुकराचा जबडा फुटतो, आणि चरायला आलेल्या गाईचा किंवा वास काढत गेलेल्या घरच्या कुत्र्याचाही. वनखात्याकडे पीकनुकसानीचा अर्ज करता येतो. तो वेळेत करावा लागतो, पंचनामा व्हावा लागतो, कागद जोडावे लागतात, आणि पाड्यावरचा माणूस येथेच अडतो. दिवाळीच्या सुटीत आपल्या धर्मग्रामांतील शिकलेली मुले शिबिरांसाठी आदिवासी भागात जातात. त्यांनी दोन दिवस माळ्याखाली बसून हे अर्ज भरून द्यावेत. पाड्यावरची पोरे कुत्री घेऊन आसपास असतीलच. त्यांतले एखादे कुत्रे साखळीवाचून, हाकेवर जागच्या जागी बसवून दाखवा, असे त्यांना सांगून पाहावे. चित्रण करायचेच असेल तर त्याचे करावे.