दहा तारखेलाच खिसा रिकामा?

"सर, पैसे पुरत नाहीत." हे वाक्य पुन्हा माझ्यापुढे काढू नकोस. पुरत नाहीत, की तू पुरवत नाहीस?

एक तारखेला घरून सहा हजार येतात. दहाला तू खोलीतल्या मित्राकडे दोनशे मागतोस. मधल्या नऊ दिवसांत काय झालं? सांग. नाही ना सांगता येत? बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस. परक्या कंपनीचा ताळेबंद पै न पै जुळवतोस, आणि स्वतःच्या खिशाचा हिशेब विचारला की मान खाली!

महागाईचं रडगाणं नको. नागपुरात भाडं वाढलं, मेस वाढली, मान्य. पण ते आकडे तुला पहिल्या तारखेलाच ठाऊक असतात. खर्रा, चहा, तर्री-पोहे, रोजचे चाळीस रुपये. "चाळीसच तर!" वर्षाचे १४,६०० होतात. कधी गुणाकार केलास? मोबाइलवरून गेलेले पैसे कळत नाहीत म्हणतोस. अरे, यूपीआयचा एकेक व्यवहार तारीख-वेळेसकट त्याच मोबाइलात पडलेला आहे. तुला फक्त बोट फिरवायचं आहे. तू बघत नाहीस, कारण काय दिसेल ते तुला माहीत आहे.

आणि पोरगा कोणाचा तू? संत्र्याच्या बागवाल्याचा! बागेचा सौदा होतो, व्यापाऱ्याचे पैसे येतात, आणि पुढचा बहार हाती येईपर्यंत त्यातच खत, फवारणी, मजुरी, बहिणीची फी आणि तुझे सहा हजार बसवावे लागतात. तुझ्या बापाला महिन्याच्या महिन्याला कोण पैसे पाठवतं? आंबिया बहारासाठी झाडाचं पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, हे तू लहानपणापासून बांधावर उभा राहून पाहिलंस. ताण दिल्याशिवाय झाड फुलत नाही, हे मी तुला शिकवायचं? मग आठवडाभर बाहेरचं खाणं तुला काहून तोडता येत नाही?

आणि कर्जाच्या अ‍ॅपवरून उचललेल्या पैशांचं घरी सांगितलंस? नाही सांगितलंस. क्रेडिट कार्डाच्या थकबाकीला महिन्याला साडेतीन टक्के व्याज लागलं तर वर्षाचे बेचाळीस होतात. हे गणित तू परीक्षेत सोडवतोस. तुझ्या अ‍ॅपचा दर किती, तेवढं तरी वाचलंस का? की मिळतात म्हणून घेतले? बुद्धी कमी असती तर मी एवढं बोललोच नसतो. आपल्या पांढुर्ण्यातल्या कितीतरी पोरांना शिकायला बाहेर जाता येत नाही. तुला पाठवलं, कारण तुझ्यावर भरवसा होता.

गावची गोटमारीची जत्रा झाली, परवा तुझी नागपूरची गाडी. आज रात्री हिशेबाला बस. गेल्या महिन्याचा एकेक व्यवहार वहीत उतरव. भाडं, मेस, जाण्यायेण्याचं बाजूला काढ. उरलेल्याला चारनं भाग आणि आठवड्याचा आकडा लिही. अ‍ॅपचं कर्ज पहिल्या ओळीत, खरं-खरं. उद्या सकाळी आठला वही माझ्या टेबलावर हवी. मग तुझ्या बापाकडे आपण दोघं जाऊ.