उसनी नौका

समुद्रापासून शेकडो मैल दूर, जबलपुरात बसून पाणबुडीवर लिहावे, हे कोणास हास्यास्पद वाटेल. येथे पाणी नर्मदेचे आणि नाव भेडाघाटची. परंतु १९०४ पासून तोफांचे गाडे घडविणाऱ्या या गावी शस्त्रांचा विचार अगदीच परका नाही. आणि आम्हां बदलीच्या नोकरांस एका पाणबुडीची कथा तर फारच जवळची वाटते.

‘चक्र’ हे नाव आपल्या नौदलाने अणुशक्तीवर चालणाऱ्या दोन पाणबुड्यांना दिले, आणि दोन्ही उसन्या होत्या. पहिली सोव्हिएत संघाकडून १९८८ मध्ये तीन वर्षांच्या कराराने आली व १९९१ मध्ये परत गेली. दुसरी, रशियाची ‘नेर्पा’, ४ एप्रिल २०१२ रोजी विशाखापट्टणम येथे नौदलात दाखल झाली. दहा वर्षांची मुदत पुरी होण्याआधीच, २०२१ मध्ये, तीही परतली. आपल्याकडे येण्यापूर्वी २००८ च्या चाचणीत आग विझविण्याचा वायू अवचित सुटून तिच्यावर वीस माणसे गुदमरून मेली होती. उसन्या घराबरोबर आधीच्या बिऱ्हाडाचे दुःखही येते. आमच्या सरकारी बंगलीच्या चौकटीवर कोणा मुलाच्या उंचीच्या पेन्सिलीच्या खुणा आहेत. एका खुणेनंतर त्या थांबल्या आहेत. का, ते विचारण्याचे धैर्य आम्हांस झाले नाही.

जे परत करावयाचे, त्यावर जीव किती लावावा? भाड्याच्या घराला रंग कशाला, असे व्यवहार म्हणतो. अनासक्तीचा उपदेश करणारेही पुष्कळ भेटतात. मात्र त्यांतील बहुतेकांची अनासक्ती कामाच्या बाबतीतच अधिक दिसते! पाणबुडीवरील खलाशाला हा प्रश्नच पडत नाही. अणुभट्टीला बाहेरची हवा लागत नाही, म्हणून ती नौका महिनोन्महिने पाण्याखाली राहू शकते. पण तेथे एक झडप नीट बसली नाही, तर नौका कोणाच्या मालकीची हे समुद्र विचारीत नाही. त्याच्या निष्ठेवर मृत्यूचा पहारा असतो.

आमच्या निष्ठेवर कोणाचा आहे? आमची झडप सैल राहिली तर बुडतो तो कोणी तिऱ्हाईत, आणि तोवर आम्ही दुसऱ्या गावी पोचलेले असतो. बदलीचा हुकूम आला त्याच दिवशी एका विधवेच्या निवृत्तिवेतनाचे प्रकरण ‘पुढील अधिकारी पाहतील’ अशा मनोभूमिकेने आम्ही बाजूला सारले. कागद नियमात बसत होता, फक्त दोन जुने दाखले शोधावयाचे होते. चक्रावर तयार झालेले हात पुढे आपल्या स्वतःच्या ‘अरिहंत’च्या कामी आले, असे जाणकार सांगतात. आमच्या हातून या गावाच्या कामी काय आले, याचा हिशेब त्या रात्री नीट जुळेना.

दुसऱ्या दिवशी दाखले शोधविले. दुसरा अद्याप सापडलेला नाही. आमच्या हाती अकरा दिवस आहेत. परसातल्या लिंबाने यंदा प्रथमच फुले धरली आहेत, त्याला पाणी घालणे चालूच आहे.